भाड्याच्या घरातले जुने रेडिएटर: कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर: परवानगी आणि मोजमाप

सात रेडिएटर, कॉम्बी बॉयलर (नळाचं गरम पाणीही टाकीशिवाय हाच देतो), बंद पद्धतीची गरम पाण्याची लाइन, १५ मिमीचे तांब्याचे पाइप. रेडिएटर बहुतेक टाइप १०, म्हणजे एकच पत्रा आणि मागे उष्णता सोडणारे पन्हाळी पत्रे नाहीत. तक्रार नेहमीचीच: बैठक तापत नाही आणि न्हाणीघरात भट्टी पेटते.

घर भाड्याचं असलं की काम कागदापासून सुरू होतं. घरमालकाला लेखी कळवलं: कोणते रेडिएटर निघणार, हीटिंग किती वेळ बंद राहणार, जुने कुठे ठेवणार, आणि घर सोडताना नवे तिथेच राहणार की जुने परत बसवायचे. शेवटचा मुद्दा आधी लिहून घ्या, नाहीतर अनामत रकमेवरून वाद ठरलेला. बॉयलरचं झाकण उघडायचं नाही आणि गॅसच्या लाइनला हात लावायचा नाही, हेही त्यात लिहिलं. ते परवानाधारक माणसाचं काम आहे.

हवा काढणं, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची (खोली तापली की रेडिएटरचं पाणी आपोआप रोखणारा व्हॉल्व्ह) वरची मुंडी बदलणं (जुनी जपून ठेवून), पाण्याचा वाटा जुळवणं आणि मागची धूळ काढणं यासाठी लाइन रिकामी करावी लागत नाही. म्हणून आधी ही कामं. जुनं घर असेल तर दोन गोष्टी तपासून घ्या. पाइपांवर प्लास्टरसारखं करडं वेष्टण दिसलं तर ते खरवडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. रेडिएटरवर रंगाचे जाड थर असतील तर कोरडे घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

प्रत्येक रेडिएटरची मापं घेतली: लांबी, उंची, दोन उभ्या पाइपांच्या मध्यांमधलं अंतर, जमिनीपासून खालच्या तोंडाची उंची, आणि भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर. यातलं शेवटचं माप बहुतेकजण घेत नाहीत आणि नंतर तेच नडतं. बैठकीत पाइपांच्या मध्यांमधलं अंतर १६९८ मिमी आलं, मागच्या झोपायच्या खोलीत १३१८.

१६ सप्टेंबर: कुठे गरम, कुठे थंड

सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून हीटिंग तासभर चालू ठेवली. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तांब्यावर किंवा क्रोमवर साफ खोटं सांगतो. ७० अंशांचा पाइप त्याला कोमट वाटतो, कारण चकचकीत धातू उष्णता फारशी बाहेर टाकत नाही आणि यंत्राला खोलीचंच प्रतिबिंब दिसतं. प्रत्येक पाइपवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिला आणि टेपवर मापलं. सात रेडिएटरांना टेपचे चौदा तुकडे लागले आणि आकडे ताळ्यावर आले.

बैठक: वर गरम, खाली मध्यभागी गार. हा गाळ. मागची खोली: खाली गरम, वरचा पट्टा गार. ही हवा. पॅसेज: पूर्ण गार, पण आत येणारा पाइप व्हॉल्व्हपर्यंत गरम. म्हणजे व्हॉल्व्हची पिन (मुंडीखालची, पाणी उघड-बंद करणारी) अडकलेली. न्हाणीघर: दोन्ही पाइप जवळपास सारखेच गरम, पाणी नुसतं धावत सुटलेलं. बॉयलरच्या सर्वांत जवळचा हाच, म्हणून सगळा प्रवाह हाच ओढतो.

नव्या रेडिएटरचा कॅटलॉग उघडण्याआधी हा तास नक्की घालवा. ‘जुना झाला, कामातून गेला’ असं ज्याला म्हणतात, त्यात पुष्कळदा गाळ, हवा किंवा अडकलेली पिन यांपैकी काहीतरी निघतं.

१७ सप्टेंबर: लाइन रिकामी न करता जे जमतं ते

हवा काढली. पंप बंद, लाइन गार, मग चौकोनी किल्ली अर्धा आटा उलटी. स्क्रू पूर्ण काढू नका, दाबाखाली तो परत बसत नाही आणि काळं पाणी भिंतीवर उडतं. मागच्या खोलीतून बराच वेळ फुसफुस येत राहिली. लाइनमध्ये गंज धरत असेल तर या वायूत हायड्रोजन असतो. जवळ मेणबत्ती, सिगारेट काही नको. हवा निघाली की दाब उतरतो, तो भरणीच्या नळीने गार लाइनवर १.२ बारपर्यंत आणला. सुरक्षा व्हॉल्व्ह ३ बारला सुटतो, त्यामुळे भरताना नजर गेजवरच.

पॅसेजच्या व्हॉल्व्हची मुंडी काढली. पिन आतच रुतलेली होती. पान्याच्या दांड्याने बाजूने हलके ठोके दिले, वंगणाचा एक थेंब सोडला, आणि सपाट लाकडाने ती दाबत-सोडत राहिलो. पिन २ ते ३ मिमी आत-बाहेर व्हायला हवी आणि स्प्रिंगने स्वतःहून वर यायला हवी. पकडीने ती बाहेर ओढायचा मोह होतो, पण काही बनावटींत ती अख्खी हातात येते आणि मागोमाग पाणी. शेवटी सुटली, पण ग्लँडच्या (पिनभोवतीच्या सीलच्या) नटाशी आता ओलसरपणा दिसतो. तो आठवा हिस्सा आवळला.

नव्या मुंड्या एम३० × १.५ आट्याच्या घेतल्या. सगळ्या व्हॉल्व्हना हाच आटा नसतो, आधी मोजा. ज्या खोलीत भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथे मुंडी बसवली नाही. बसवली तर दोघे एकमेकांवर चढतात: मुंडी रेडिएटर बंद करते, खोली थर्मोस्टॅटच्या आकड्यापर्यंत पोचतच नाही, आणि बॉयलर बाकीचं घर तापवत बसतो.

२० सप्टेंबर: किती वॅट लागतात

बैठक ५ × ४ मीटर, उंची २.६. दोन बाजू बाहेरच्या, वर-खाली तापलेली घरं. आत २०, बाहेर उणे २ धरलं, फरक २२ अंश. (बाहेरचा आकडा आपापल्या ठिकाणच्या कडक थंडीचा घ्या.) खिडक्या वजा जाता बाहेरची भिंत १९.४ चौरस मीटर, इन्सुलेशन नाही म्हणून गुणांक (दर चौरस मीटरला, दर अंशाला किती वॅट बाहेर जातात) १.५: ६४० वॅट. जुन्या दुहेरी काचेच्या खिडक्या ४ चौरस मीटर, गुणांक २.८: २४६ वॅट. तासाला एकदा हवा बदलते असं धरून ०.३३ (हवेचा गुणांक) × ५२ घनमीटर × २२ अंश: ३७८ वॅट. एकूण १२६४. थोडी मोकळीक ठेवून १४००.

जुना १६०० मिमीचा एकेरी पत्रा पूर्ण तापला तरी ९०० वॅटच्या आसपास देतो. तोही जाणारं पाणी ७५, परतणारं ६५ आणि खोली २० असताना. कॅटलॉगमधले आकडे याच ५० अंशांच्या फरकावर छापतात, आणि बरेचजण फसतात ते इथे. पाणी ५५/४५ वर आणलं तर सरासरी फरक ३० होतो आणि छापील आकड्याच्या साधारण ५१ टक्केच उष्णता मिळते. टाइप ११ (एकच पत्रा, पण मागे पन्हाळी पत्रे) त्याच लांबीत सुमारे १५५० छापील, म्हणजे ५५ अंशांच्या पाण्यावर ८०० वॅट. टाइप २२ (दोन पत्रे, दोन्हींना पन्हाळी पत्रे) सुमारे २७५० छापील, म्हणजे १४१५ वॅट. बैठकीला टाइप २२ घ्यायचा ठरला.

मागच्या खोलीतला रेडिएटर उष्णतेला पुरतो, पण खालच्या शिवणीत गंजाचा फोड आहे आणि तिथे पाणी पाझरतं. वरून रंग किंवा पुट्टी लावून हे थांबत नाही, पत्रा आतून खाल्लेला असतो. तिथे टाइप ११. बाकी पाच रेडिएटर आहेत तसेच ठेवणार.

२४ सप्टेंबर: सामान

टाइप २२, ६०० × १६००. टाइप ११, ६०० × १२००. थर्मोस्टॅटिक आणि लॉकशील्ड (दुसऱ्या तोंडाचा, पाण्याचा वाटा ठरवून टोपीने झाकायचा) व्हॉल्व्हच्या दोन जोड्या, १५ मिमी पाइप आणि अर्धा इंची आट्याच्या. टेफ्लॉन टेप, सांधा लावायची पेस्ट, जास्तीच्या पितळी रिंगा (नट आवळला की पाइपवर चेपून सांधा बंद करणाऱ्या), लाइन साफ करायचं रसायन १ लिटर, गंजरोधक १ लिटर, १२ मिमीची ॲलन की, दोन मोठे पाने, रंगकामाचा पसरट ट्रे, ड्रेन कॉकचा (लाइन रिकामी करायच्या नळाचा) वायसर. सगळ्यात जास्त पैसे मोठ्या रेडिएटरला गेले. व्हॉल्व्हमध्ये काटकसर करू नका, स्वस्त व्हॉल्व्हचा शंकूचा सांधा (व्हॉल्व्ह आणि रेडिएटरकडचा तुकडा जिथे जुळतात तो) धड बसत नाही.

मागच्या खोलीत इंची मापाचा घोळ आहे. जुना रेडिएटर ४८ इंच, म्हणजे १२१९ मिमी, नवा १२००. पाइप तिथेच ठेवायचे तर १९ मिमीची तूट पडते. पाइप ओढून भरून काढू नका. एका तोंडाला वाढीव तुकडा बसवायचा, तो १० ते ४० मिमीपर्यंत जुळवता येतो.

२७ सप्टेंबर: रसायन

न्हाणीघरातल्या टॉवेल-रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, थोडं पाणी ट्रेमध्ये उतरवलं, वरचं बूच काढून नरसाळ्याने रसायन ओतलं. व्हॉल्व्ह उघडून दाब पुन्हा भरला. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून रोज हीटिंग चालवायची. बंद रेडिएटरात रसायन पोचत नाही.

४ ऑक्टोबर: लाइन रिकामी केली

बॉयलर विजेवरून बंद, लाइन पूर्ण गार. ड्रेन कॉक पॅसेजच्या रेडिएटरखाली, नळी थेट बाहेरच्या गटाराच्या जाळीवर. आधी वरचे हवेचे स्क्रू उघडायचे नाहीत. दाब उतरून पाणी वाहू लागलं की मग एकेक उघडायचे, म्हणजे हवा आत येते आणि पाणी सगळं उतरतं.

पाणी शाईसारखं काळं. बरणीत घेऊन बाहेरून चुंबक लावला तर काळा थर काचेवर चुंबकामागे सरकला: हा मॅग्नेटाइट, पोलादी रेडिएटरांच्या आतला गंज. बादल्यांनी मोजलं तर लाइनमध्ये सुमारे ४५ लिटर निघालं. हा आकडा लिहून ठेवला, गंजरोधकाचं प्रमाण यावरच ठरणार आहे.

ड्रेन कॉक परत बंद होईना. आतला वायसर कडक होऊन तुकडे पडले होते. लाइन रिकामीच असल्यामुळे लगेच बदलता आला. हे भरल्यानंतर कळलं असतं तर दुपारचं काम रात्रीवर गेलं असतं. जुन्या घरात वायसर आधीच आणून ठेवा.

मग भरणं आणि उतरवणं, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. अर्धा दिवस यातच गेला.

बैठकीचा जुना रेडिएटर काढताना: पाइपच्या बाजूचा व्हॉल्व्ह एका पान्याने धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने जोडनट सोडायचा. धरला नाही तर जमिनीतला पाइप पिळवटतो. खाली ट्रे. नट सुटल्यावर दोन्ही तोंडांना लगेच बुचं मारली. रिकामा समजून आडवा केलेल्या रेडिएटरातून वाटीभर काळा चिखल गालिच्यावर येतो आणि तो डाग निघत नाही. बाहेर नेऊन पाण्याच्या नळीने धुतला, रबरी हातोडीने ठोकत. आतून लापशीइतका दाट गाळ निघाला. स्वच्छ करून, बुचं लावून, घरमालकाच्या सांगण्यावरून कोठीत ठेवला.

५ ऑक्टोबर: टांगणी

टाइप २२, १६०० मिमी: रिकामा ५० किलोच्या पुढे, वर ९ ते १० लिटर पाणी. भिंत जिप्समबोर्डाची. साधे प्लास्टिक प्लग इथे चालणार नाहीत. चुंबक फिरवून बोर्डाचे स्क्रू शोधले, म्हणजे मागचे लाकडी खांब कळले: ४०० मिमीवर एक. ब्रॅकेट खांबांवर येतील असे बसवले, स्क्रू थेट लाकडात. जुनी भोकं यात जुळली नाहीत. ती भरून रंगवावी लागणार.

उंची ठरवताना वरच्या कडेवरून मोजू नका. जुना ६१० मिमी, नवा ६००. खालच्या तोंडाची उंची पाइपशी जुळली पाहिजे, वर कितीही फरक पडो. खुणा तिथून घेतल्या, पाणसळ लावली, हवेच्या स्क्रूची बाजू केसभर वर ठेवली.

टेलला (व्हॉल्व्हचा रेडिएटरच्या तोंडात बसणारा आट्याचा तुकडा) टेफ्लॉन टेप १२ ते १५ वेढे, आट्याच्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. टेल रेडिएटर टांगायच्या आधीच बसवून घ्या, भिंतीपाशी ॲलन की फिरत नाही.

६ ऑक्टोबर: भिंतीपासूनचं अंतर

एकेरी पत्र्यापेक्षा दुहेरी रेडिएटरचं तोंड भिंतीपासून पुढे येतं. इथे फरक २४ मिमी. ब्रॅकेटला दोन बाजू असतात, एक आखूड, एक लांब. आखूड बाजू भिंतीकडे केली, फरक १३ वर आला. उभा पाइप १३ मिमी पुढे ओढून व्हॉल्व्हमध्ये बसतो, पण तिरका. गार असताना कोरडा राहिला. लाइन चाचणीपुरती भरून एकदा तापवून गार केली तर रिंगेपाशी थेंब. नट आणखी आवळून हे थांबत नाही, उलट रिंग पाइपला चावते आणि सांधा कायमचा जातो. पाइप व्हॉल्व्हमध्ये सरळ शिरला पाहिजे.

पाइपच्या गळ्याभोवतीचं झाकण उचललं. फळीतलं भोक पाइपला अगदी चिकटून होतं. ते गोल कानशीने पुढच्या बाजूला १५ मिमी लांबवलं. जवळची स्क्रूने बसवलेली फळी उचलून पाइपची पहिली क्लिप सोडली. पाइप आता खालपासूनच पुढे सरकतो आणि वर सरळ उभा राहतो. झाकण परत बसल्यावर भोक दिसत नाही. काँक्रीटच्या जमिनीत किंवा भिंतीतून येणाऱ्या पाइपला ही सोय नाही. तिथे पाइप फोडून काढण्यापेक्षा एकेरी पत्र्याचाच, पण पन्हाळी पत्रे असलेला टाइप ११ घ्या आणि पाण्याचं तापमान थोडं जास्त ठेवा.

पाइप कापून नवी रिंग घालायचा विचार सोडून दिला. कापलं की पाइप आखूड होतो आणि पुढच्या माणसाला वाढवायला काही उरत नाही. जुना नट आणि जुनी रिंग तशीच ठेवली, रिंगेवर पेस्टचा पातळ थर, नवा व्हॉल्व्ह त्यावर. आधी जुना नट नव्या व्हॉल्व्हच्या आट्यावर हाताने फिरवून पाहिला. दोन-तीन आटे अडखळत जात असेल तर जबरदस्ती नको, नवा नट लागेल आणि त्यासाठी रिंग ओढून काढायचं हत्यार.

७ ऑक्टोबर: भरणं आणि गळती

दाब आधी ०.५ बार, सगळे सांधे कोरड्या टिश्यूने पुसून पाहिले. बोटाला ओल कळत नाही, कागदावर लगेच दिसते. मग १.३ बार. मागच्या खोलीत शंकूच्या सांध्याला थेंब आला. उघडून पाहिलं तर शंकूवर टेफ्लॉनचा तुकडा अडकलेला. शंकूच्या सांध्यावर टेप लावायची नसते, धातू धातूवर बसतो. पुसला, पेस्टचं बोट लावलं, कोरडा.

गंजरोधक साधारण पाण्याच्या १ टक्का लागतं, म्हणजे ४५ लिटरला अर्धा लिटर. १ लिटरची बाटली अख्खी ओतली. जास्त झालं तर बिघडत नाही, कमी पडलं तर उपयोग नाही. तारीख आणि नाव लिहून बॉयलरखालच्या पाइपला चिठ्ठी बांधली.

११ ऑक्टोबर: पाण्याचा वाटा जुळवणं

सगळ्या मुंड्या काढल्या, लॉकशील्ड पूर्ण उघडे, घर गार. बॉयलर चालू करून कोणता रेडिएटर आधी तापतो ते पाहिलं: न्हाणीघर, पॅसेज, स्वयंपाकघर या क्रमाने, बैठक सगळ्यात शेवटी. न्हाणीघराचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून पाव आटा उघडला, पॅसेज अर्धा, स्वयंपाकघर पाऊण, बैठक पूर्ण उघडा. प्रत्येक बदलानंतर २० मिनिटं थांबायचं, मग टेपवर दोन्ही पाइप मोजायचे. दोन पाइपांत सुमारे १० अंशांचा फरक हवा. फरक कमी म्हणजे पाणी जास्त, लॉकशील्ड आवळा. एक बदलला की बाकीचे हलतात, म्हणून पहिल्या फेरीत आकडे जुळले नाहीत तर वैतागू नका.

किती आटे उघडे आहेत ते प्रत्येकाच्या टोपीत पेन्सिलने लिहिलं. पुढे कुणी रेडिएटर काढला तर ही मेहनत वाया जाणार नाही.

पाणी ५५ वर ठेवायचा बेत होता, तो जमला नाही. बैठक छान तापते, पण जुने एकेरी पत्रे ५५ ला निम्मीच उष्णता देतात. सगळ्या घराचं पाणी किती गरम ठेवायचं ते सर्वांत कमजोर रेडिएटर ठरवतो. ६२ वर स्थिरावलं, परत येणारं ५२. कंडेन्सिंग बॉयलरला (धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणाऱ्या) परतीचं पाणी साधारण ५५ च्या खाली हवं असतं, तेव्हा फायदा पूर्ण नाही तरी मिळतो. ज्यांच्याकडे गरम पाण्याची वेगळी टाकी आहे त्यांनी हे तापमान सरसकट उतरवू नये. टाकीतलं पाणी ६० अंशांना तापलं पाहिजे, नाहीतर लिजिओनेला जिवाणूंना आयतं घर.

९ नोव्हेंबर: थंडीतली तपासणी

पहाटे बाहेर २ अंश. बैठक २०.५, झोपायच्या खोल्या १८, पॅसेज १७. न्हाणीघराची भट्टी बंद झाली. बाहेरच्या भिंतींवरच्या एकेरी पत्र्यांमागे परावर्तक फॉइल लावलं. तापमानात फरक मोजण्याइतका नाही, भिंत मात्र हाताला गार लागते. पडदे रेडिएटरच्या वर संपतील इतके आखूड केले, याचा फरक फॉइलपेक्षा जास्त.

दाब १.३ वरून १.१. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते, पहिल्या महिन्यात एवढं चालतं. हवा काढून एकदा भरला. दर आठवड्याला भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधा, कारण प्रत्येक भरण्यात ताजा ऑक्सिजन आत जातो आणि गंजरोधक पातळ होतं.

पॅसेजच्या व्हॉल्व्हची ग्लँड अजून ओलसर आहे. ती आणखी आवळली की पिन पुन्हा जड जाते. व्हॉल्व्हच बदलायला हवा, पण त्यासाठी सगळी लाइन आत्ता पुन्हा उतरवायची नाही. उन्हाळ्यात बॉयलरची वार्षिक तपासणी असेल तेव्हा लाइन उतरवून बदलायचा, असं घरमालकाला कळवलं आहे. तोवर खाली डबा.